होमस्कूलिंगमध्ये ‘आरोग्य’ विषयाचं काय करता? (सोलापूर)

जुळेसोलापूरची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, मुलगी दहा वर्षांची, मुलगा सातचा. मुलीला चौथीनंतर शाळेतून काढलं, धाकटा शाळेत गेलेलाच नाही, दोघांचं घरीच चालू आहे. गणित, भाषा, विज्ञान सगळं नीट चाललंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण परवा नणंदेचा फोन आला, ती न्यूयॉर्क राज्यात असते, तिची पण मुलं घरीच शिकतात, तर ती म्हणाली की तिकडं हेल्थ हा विषय शिकवल्याचं लिहून द्यावं लागतं म्हणे, नुसतं शिकवलं म्हणून चालत नाही. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय, आपल्याकडं असं काही कंपल्सरी आहे का? उद्या दहावीला बसवताना कुणी विचारलं की आरोग्य शिक्षणाचं काय केलंत, तर दाखवायला काय आहे माझ्याकडं? सकाळी सूर्यनमस्कार घालतात आणि हात धुवायला सांगते, एवढंच.

आणि दुसरी अडचण म्हणजे मुलीशी पाळीबद्दल बोलायचंय, पण सासूबाई म्हणतात एवढ्यात कशाला पोरीच्या डोक्यात काहीबाही घालतीस. धाकटा तर बिस्किटांवरच जगतोय. ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी प्लीज सांगा, पुस्तकं कुठली, किती वेळ, काय काय घ्यायचं.

सतरा_नंबरवाला

ताई, आधी टेन्शन घेणं बंद करा. आपल्याकडं होमस्कूलिंगचा वेगळा फॉर्म नाही, नोंदणी नाही, त्यामुळं आरोग्याचे एवढे तास झाले पाहिजेत असं मागणारं पण कुणी नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्यात ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय कलम १० मध्ये, पण नाही घातलं तर पालकाला दंड किंवा शिक्षा असं त्या कायद्यात काही नाही. शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करायला शिक्षक घरोघरी फिरतात तेव्हा तुमच्या दारात येऊ शकतात, आमच्याकडं आले होते, चहा घेतला, मुलाच्या वह्या बघितल्या, नाव लिहून घेऊन गेले. तेव्हा एक फाईल असलेली बरी, वाद घालत बसायला नको.

आता पुढच्या परीक्षेचं. एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयातून, दहावी करणार असाल तर १४ वर्षं पूर्ण पाहिजेत आणि पाच विषय घ्यायचे, त्यात आरोग्य असा सक्तीचा विषय नाहीये, पण गृहविज्ञान घेता येतं आणि त्यात आहार, आरोग्य, वाढीचं वय हे सगळं येतंय, प्रॅक्टिकलसकट. मराठी मीडियम आहे, तेलुगू पण आहे, आपल्या सोलापुरात ते कामाचं. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पण आहे पुण्यात, तिथं पाचवी आणि आठवीच्या लेव्हलच्या परीक्षा होतात.

आणि सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांचा, भरून स्टेट बोर्डाची दहावी करणार असाल, जशी माझ्या पोरानं केली, तर तिथं मात्र आरोग्य व शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय आहे. मार्क नाहीत, ग्रेड असते. तुम्हाला संपर्क केंद्र म्हणून जी शाळा मिळते तिथं तोंडी, प्रकल्प, श्रेणीचे विषय हे सगळं उरकायचं असतंय. त्यासाठी एक सल्ला, शाळेत फेब्रुवारीत धावपळ करत जाऊ नका, फॉर्म मंजूर झाला की त्या महिन्यातच जाऊन संबंधित सरांना भेटा आणि प्रकल्प काय पाहिजे ते लिहून घ्या. नाहीतर ऐनवेळी लेकरू दुसऱ्याच्या वहीतनं उतरवत बसतंय.

हिपरग्याहून_हडसन

मी सोलापूरचीच, आता न्यूयॉर्क राज्यात. तुमच्या नणंदेचं बरोबर आहे पण जरा डिटेलमध्ये सांगते कारण ऐकीव गोष्टीनं उगाच धडकी भरते. इकडं होमस्कूलिंगचा नियम आहे १००.१० नंबरचा, वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाचा आराखडा डिस्ट्रिक्टला द्यायचा, मग दर तीन महिन्यांनी रिपोर्ट, सहावीपर्यंत वर्षाला ९०० तास आणि सातवी ते बारावी ९९० तास, पण हे सगळ्या विषयांचे मिळून हां, नुसत्या हेल्थचे नाहीत. हेल्थ पहिलीपासून यादीत आहेच, आणि नववी ते बारावीत अर्धं युनिट करावं लागतं, एक युनिट म्हणजे ६,४८० मिनिटं धरतात, तेव्हा अर्ध्याचे ५४ तास झाले. चार वर्षांत ५४ तास म्हणजे काहीच नाही खरं तर.

मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. हेल्थच्या सोबत दारू-तंबाखू-ड्रग्जचा गैरवापर, रस्त्यावरची सुरक्षितता आणि त्यात सायकलची सुद्धा, आणि आग लागू नये म्हणून काय करायचं, हे सगळं बालवाडीपासून बारावीपर्यंत शिकवायला लावतात. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात पण आगीचं शिक्षण सक्तीचं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसायला आलं, आग काय शिकवायची! पण आपल्या सोलापुरात प्रत्येक स्वयंपाकघरात गॅस आहे आणि किती दहा वर्षांच्या पोरांना रेग्युलेटर बंद करता येतो सांगा? वास आला तर लाईटचं बटण चालू पण करायचं नाही आणि बंद पण करायचं नाही, खिडक्या उघडून बाहेर पडायचं, हे किती जणांना माहितेय? तुमच्याकडं कुणी मागत नाही म्हणून सोडू नका, यादी इकडची घ्या आणि मसाला तुमच्याकडचा घाला.

सिव्हिलच्या_मागं

मी नर्स आहे, रिटायरमेंटला आलेय, त्यामुळं जरा लांबण लावणार आहे, सहन करा.

तुम्ही सगळे पुस्तकाचं बोलताय. पण शाळा सोडल्यावर लेकरांचं जे खरं नुकसान होतंय ते पुस्तकाचं नाही. शाळेत आरोग्याचा तास कसा असतो ते आपल्याला माहितीच आहे, सर म्हणतात ग्राउंडवर जा. शाळेतनं खरं मिळतंय ते म्हणजे गोळ्या, लसी आणि तपासणी, आणि ते आपोआप होत असल्यामुळं पालकांच्या लक्षातच येत नाही. लेकरू घरी ठेवलं की हे सगळं गपकन बंद होतं आणि कुणी आठवण पण करून देत नाही.

एक एक सांगते. जंतनाशक दिवस वर्षातनं दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास, १ ते १९ वयाच्या सगळ्यांना अल्बेंडाझोल, दोन वर्षांच्या वरच्यांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, चावून खायची. शाळेत न जाणाऱ्या मुलांना ती अंगणवाडीत मिळते, हे लई जणांना माहितीच नसतं. तुमच्या वॉर्डातल्या अंगणवाडी ताईला जाऊन सांगा की आमची दोन लेकरं घरी शिकतात, नाव लिहून घ्या. ती काय तुम्हाला हाकलून देणार नाही.

लोहाच्या गोळ्या, ५ ते ९ वयाला गुलाबी, १० ते १९ ला निळी, आठवड्याला एक. निळीत ६० मिलिग्रॅम लोह असतंय. रिकाम्या पोटी देऊ नका, मळमळतं, आणि चहासोबत तर अजिबात नको, चहानं लोह अंगाला लागत नाही. मुलीचं हिमोग्लोबिन एकदा करून घ्या, ५ ते ११ वयात साडेअकराच्या खाली असेल तर अॅनिमिया धरतात, १२ ते १४ ला बाराच्या खाली. आपल्याकडं अंगात रक्त कमी असलेल्या मुली दिसायला अगदी ठीक दिसतात, फक्त जिना चढताना बसतात.

लसीचं म्हणाल तर ५ ते ६ वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर धाकट्याचा झालाय का कार्ड बघा. मुलगी दहाची आहे म्हणजे टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची लस) वेळ झालीच, दुसरा टीडी सोळाव्या वर्षी. शाळेत असती तर दंड पुढं करून मोकळी झाली असती. एचपीव्हीचं, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरच्या लसीचं, तुमच्या पेडियाट्रिशियनला आत्ताच विचारून ठेवा, मुलगी मोठी झाल्यावर नाही.

आणि तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ ला सुरू झाला, त्याची टीम सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षाला एकदा येते, दात, डोळे, कान, हृदय, त्वचा सगळं बघते. घरी शिकणारं लेकरू यातनं सुटतं. प्रायव्हेट शाळेतलं पण बरेचदा सुटतं, तो भाग वेगळा. मग तुम्ही वर्षातनं एकदा, वाढदिवसाच्या महिन्यात म्हणा, उंची, वजन, दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून आणि दात हे करून घ्या आणि तारखेसकट लिहा. डोळे लई महत्त्वाचे. फळा लांब असतो म्हणून शाळेत नंबर लगेच कळतो, पोरगं म्हणतं दिसत नाही. घरी पुस्तक हातभर अंतरावर, तिथं सगळं स्पष्ट दिसतं, आणि लांबचं दिसत नाही हे वर्षानुवर्षं कळतच नाही.

विषय काय काय घ्यायचे याची यादी पाहिजे तर आयुष्मान भारतचा शालेय आरोग्य कार्यक्रम आहे २०२० चा, त्यात ११ विषय ठरवलेत. वाढीचं वय, मन आणि भावना, नातेसंबंध, मुलगा-मुलगी समानता, आहार आणि स्वच्छता, व्यसन, प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही, हिंसा आणि इजा, इंटरनेटचा सुरक्षित वापर, असे. त्या अकरांची अकरा पानं करा वहीत आणि वर्षभर भरत राहा. सर्व्हेवाले आले तर हेच दाखवा.

साखरपेठ_९९

एवढं सगळं करायचं त्यापेक्षा शाळेत घाला की ओ. राग मानू नका, पण अंगणवाडीत जाऊन गोळी मागायची, संपर्क केंद्रात जाऊन सरांच्या पाया पडायचं, मग शाळेनं काय घोडं मारलंय? आणि आरोग्यात मन पण येतंय ना, चार पोरांत भांडण, हरणं, चिडवणं, हे घरी कुठनं आणणार?

सतरा_नंबरवाला

साखरपेठवाले, ताईंनी शाळेत घालू का असं विचारलेलंच नाही. पोरांत मिसळण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. आमचा पोरगा पार्क स्टेडियमवर खो-खोला जायचा रोज संध्याकाळी, तिथं हरणं, चिडवणं, शिव्या सगळं मिळालं, काही कमी पडलं नाही 😄

अशोकचौक_बाबा

आमच्याकडं घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्ही पोरं घरीच शिकतात. मी पुस्तकापासनं सुरू केलंच नाही. बालभारतीच्या परिसर अभ्यासाची पीडीएफ फुकट आहे, पाचवीच्यात आहार आणि संसर्गजन्य रोगाचे धडे चांगले आहेत, वाचून घ्या, पण ते नंतर.

सोलापुरात आरोग्याचा पहिला धडा म्हणजे बॅरल. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळं प्रत्येक घरात दोन-तीन बॅरल, टाकी, हंडे, आणि डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, गटारात नाही. पोरांना टॉर्च दिला आणि म्हटलं बघा बॅरलमध्ये. अळ्या डोकं खाली करून पाण्याच्या वरच्या थरालगत लटकलेल्या असतात, शेपटाकडच्या नळीनं श्वास घेतात, आणि सावली पडली की वळवळत तळाला जातात. मोठी म्हणाली अप्पा ह्या लाजतात. एक ग्लास भरून घेतला, वर जुन्या धोतराचा तुकडा रबरानं बांधला आणि खिडकीत ठेवला. अळीचा कोष झाला, स्वल्पविरामासारखा वाकडा, खात नाही पण पळतो, आणि मग एके सकाळी कापडाखाली पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचा डास बसलेला. तो ग्लास कापडासकट उकळत्या पाण्यात. अंड्यापासून डासापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातनं एकदा कोरडा दिवस पाळायचा, हे आता पोरंच मला सांगतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही बरं का, अंडी बॅरलच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि वाळली तरी कित्येक महिने टिकतात, परत पाणी भरलं की फुटतात. म्हणून काथ्यानं घासायचं. घासायचं काम धाकट्याकडं आहे, त्याचा हात तळापर्यंत जातो कारण तो अख्खा आत उतरतो. महापालिकेची माणसं औषध टाकायला आली तर बॅरल झाकून ठेवू नका, टाकू द्या.

दुसरा धडा तंबाखू. आमची आजी विडी घरकुलात राहते, तिथं दारोदारी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून दोऱ्यानं बांधायचं. पोरांनी विचारलं आजी विडी ओढत नाही मग खोकते का. आता याचं उत्तर कुठल्या पुस्तकात देणार? तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, हाताला लागते, आणि त्याच पैशातनं आमच्या बाबांचं शिक्षण झालंय, हे दोन्ही सांगितलं. मी व्यसनावर भाषण देत नाही. पाकिटावरची ८५ टक्के जागा व्यापणारी चित्रं बघा, राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे तरी टपरीवर काय लटकतंय ते बघा, १८ वर्षांखालच्याला विकायला बंदी आहे. पोरं स्वतःच ठरवतात.

तुमच्या बिस्किटवाल्याला ओरडू नका. त्याच्या हातात पुडा द्या आणि मागचं बारीक छापलेलं वाचायला लावा, १०० ग्रॅममध्ये साखर किती. पुडा किती ग्रॅमचा आहे त्यावरनं गणित करायचं आणि तेवढी साखर चमच्यानं वाटीत काढायची. चमचा साधारण ४ ग्रॅमचा धरा. आमच्यात वाटी बघून धाकटा गप्प झाला आणि मग म्हणाला, तरी पण चांगलं लागतं. खरंय की, चांगलं लागतंच. आता एक दिवसाआड मिळतं आणि मधल्या वेळेला कडक भाकरी चुरून, त्यावर शेंगा चटणी आणि तेल. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतंय, कुठली पावडर आणायची गरज नाही.

जुळेसोलापूरची_आई

बापरे, एवढं! नर्स मावशी, कार्ड काढून बघितलं, धाकट्याचा बूस्टर झालेला आहे, मुलीचा टीडी राहिलाय. बॅरलमध्ये पण टॉर्च मारला, पुढचं विचारू नका 🙈

पण पाळीचं कुणीच बोललं नाही.

सिव्हिलच्या_मागं

बोलते की. दहा वर्षांची म्हणजे लवकर नाही, हीच वेळ आहे. काही मुलींना नवव्या-दहाव्या वर्षी पण येते, आणि जिला आधी सांगितलेलं नसतं ती रक्त बघून घाबरते, तिला वाटतं काहीतरी लागलंय, मोठा आजार झालाय. अशा मुली मी ओपीडीत बघितल्यात, रडून डोळे सुजलेले, आईला पण सांगितलेलं नाही. सासूबाईंना हे सांगा. त्यांना विचारा, तुमची आली तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, आणि मग गप्प बसून ऐका. निम्म्या सासूबाई तिथंच विरघळतात, आणि मग त्याच नातीला सांगायला बसतात, फक्त कावळा शिवला आणि लोणच्याला हात लावू नको हे सोडून बाकीचं सांगा म्हणावं.

एकदाच बसवून लेक्चर देऊ नका. पॅड आणा, तिच्यासमोर फोडा, त्यावर पाणी ओतून किती शोषतंय ते दाखवा, चड्डीला चिकटवायला लावा. दर चार ते सहा तासांनी बदलायचं, कागदात गुंडाळून कचऱ्यात, संडासात नाही. कापड वापरणार असाल तर धुऊन कडक उन्हात वाळवायचं, कपड्यांच्या मागं दडपून ओलं ठेवायचं नाही, तिथंच इन्फेक्शन होतं. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी फायदा घ्या. आणि हे सांगताना सातच्या धाकट्याला बाहेर पाठवू नका मुद्दाम, त्याला कळेल तेवढं कळू द्या. बहिणीच्या पॅडवरनं खिदळणारा भाऊ नंतर सरळ करणं अवघड जातं.

त्याच्यासोबतच दोघांना अंगाच्या अवयवांची खरी नावं शिकवा. शू-शूची जागा वगैरे नको. लेकराला नाव माहिती असेल तरच त्याच्यासोबत काही वाईट झालं तर ते नीट सांगू शकतं, आणि आई नको म्हणाली तरी डॉक्टरला, मावशीला, कुणाला तरी सांगायचं हे पण सांगा. मुलांच्या मदतीची चाइल्डलाइन १०९८ पाठ करून घ्या, रुग्णवाहिकेचा १०८ पण. मोठ्या पोरांना मन मोकळं करायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ आहे, फुकट आहे.

हिपरग्याहून_हडसन

वर कुणी उन्हाचं काढलंच आहे तर एक जोडते. एप्रिल-मेमध्ये सोलापूर ४३ च्या वर जातं तेव्हा मुलीला ओआरएस करायला शिकवा, तिनं स्वतः. एक लिटर पाण्यात एक पाकीट, अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट असलं अंदाजपंचे नाही, आणि २४ तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मेडिकलमधली टेट्रापॅकची गोड सरबतं म्हणजे ओआरएस नाही, मागं लिहिलेलं वाचायला लावा, बिस्किटाच्या पुड्यासारखंच.

आणि भय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे ना, तिथं घेऊन जा दोघांना. सोलापुरात १९१० ला जन्मलेला माणूस १९३८ ला पाच डॉक्टरांच्या टीममधनं चीनला गेला आणि १९४२ ला तिथंच वारला. इकडं चिनी शेजारणीला सोलापूर कुठं ते सांगताना मला तेच नाव कामाला आलं.

साखरपेठ_९९

मी टोमणा मारला होता पण कामाचं निघालं सगळं. माझी पोरं शाळेत जातात, तरी कार्ड काढून बघितलं, मोठ्याचा सोळाचा टीडी राहिलाय. नर्स मावशी, तो आता सतराचा आहे, आता घेतला तर चालतो का?

सिव्हिलच्या_मागं

चालतो, घेऊन टाका. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात लसीकरणाचा वार विचारा आणि कार्ड सोबत न्या, त्यावर तारीख आणि शिक्का घ्या. कार्ड हरवलं असेल तर नवीन करून देतात, पण मागच्या नोंदी तुम्हालाच सांगाव्या लागतील.

जुळेसोलापूरची_आई

अंगणवाडी ताईंकडं जाऊन आले, दोघांची नावं लिहून घेतली, आणि त्यांनी उलट मलाच विचारलं की आमच्या इथल्या पोरींना पॅडचं ते पाणी ओतून दाखवायचं तुम्ही येऊन कराल का. हो म्हणून आलेय. सासूबाई म्हणतायत मी पण येते.

सतरा नंबरवाले दादा, फॉर्मसाठी पाचवीचा दाखला लागतो ना, मुलगी चौथीतनं काढलेली आहे, तर मुक्त विद्यालयाची पाचवी आधी करावी लागेल का? त्याचा वेगळा धागा काढते, तिथं सांगा.